फुकट घराचे पैसे कोण भरतं?

गिरगावात माझी मावशी राहते. खोली दोनशे वीस फूट, भाडं महिना अडुसष्ट रुपये, संडास गॅलरीच्या टोकाला. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या (या सरकारनं बांधलेल्या जुन्या चाळी) ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्या दिवशी तिनं मला डोंबिवलीला फोन केला. टीव्हीवर कुणीतरी बाई चावी कपाळाला लावत होती. १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर, तेही फुकट. मावशी म्हणाली, "अरे, फुकट कोण देतं? बिल्डर काय माझा मामा लागतो?"

मावशीच्या या प्रश्नावर मुंबईतल्या अख्ख्या पुनर्विकासाचा डोलारा उभा आहे. दक्षिण-मध्य मुंबईच्या गल्ल्या पुढच्या काही वर्षांत ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतील, आणि हा बदल ज्या हिशेबानं होतो तो दहावीच्या गणितापेक्षा अवघड नाही. फक्त तो कुणी मांडून दाखवत नाही. लोकांच्या सभेत जीआर वाचून दाखवतात, नाहीतर टॉवरचं रंगीत चित्र.

आधी वस्ती उतरते कशी?

चाळ म्हातारी होते म्हणून वस्ती उतरते असं आपण समजतो. पण शंभर वर्षांची इमारत नीट राखली तर उभी राहते. फोर्टात अशा कितीतरी आहेत. राखण्यासाठी पैसे लागतात आणि ते कुणीतरी घालावे लागतात. मुंबईत ते घालणारं माणूसच राहिलं नाही.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धामुळे आणि नंतर फाळणीमुळे शहरात माणसं ओसंडत होती, मालक वाटेल ते भाडं मागत होते, म्हणून तो कायदा आवश्यकच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला पाहुणा कायमचा मुक्कामी राहिला. महागाई वाढत गेली, भाडं तिथंच. वीस खोल्यांचं मिळून महिन्याला हजार-दीड हजार हाती येणारा मालक छपराची कौलं तरी कशाला बदलेल? त्यानं दुसरी वाट काढली: पागडी. भाडेकरू खोली सोडताना नव्या माणसाकडून मोठी रक्कम घेणार, त्यातला वाटा मालकाला. म्हणजे खोली भाड्याची, पण व्यवहार विकत घेतल्यासारखा. त्यामुळे आज चाळीतला माणूस धड भाडेकरू नाही आणि धड मालकही नाही.

इमारती पडायला लागल्यावर सरकारनं १९६९ मध्ये कायदा केला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं. मालक-भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा, त्यातून दुरुस्ती करायची. लोक याला 'सेस' म्हणतात आणि अशा इमारतीला 'सेस बिल्डिंग'. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. हे मंडळ पुढे म्हाडात, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आलं. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, माझगाव या भागांत लाकडी टेकू लावलेल्या, लोखंडी चॅनेल ठोकलेल्या ज्या इमारती दिसतात त्या बहुतेक याच.

दुसरं कारण रोजगाराचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरणगावाचा पगार आटला. ज्यांना जमलं ते डोंबिवली, बदलापूर, विरारला गेले. आमचं घर त्यातलंच. मागे राहिली ती म्हातारी माणसं, आणि ज्यांना कुठं जाणं परवडत नव्हतं ती.

एफएसआय म्हणजे चटई

पुनर्विकासातला एकच तांत्रिक शब्द खरोखर समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे एफएसआय. मराठीत त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात आणि गंमत म्हणजे सरकारी मराठीतला हा अगदी मोजक्या शब्दांपैकी एक, जो इंग्रजीपेक्षा सोपा आहे. तुमचा भूखंड जेवढा, तेवढी एक चटई कल्पा. एफएसआय एक म्हणजे तेवढ्या एका चटईइतकं बांधकाम. तीन म्हणजे तशा तीन चटया. त्या अख्ख्या अंथरून तीन मजले करा, किंवा कापून लहान करा आणि बारा मजले चढवा; एकूण चटई तेवढीच.

मुंबई शहरात मूळ परवानगी १.३३ चटईची. जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास केला तर ती किमान ३ होते, हा मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ३३(७). चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा पट्टा एकत्र घेऊन केला तर ४, हा ३३(९), ज्याला सगळे क्लस्टर म्हणतात. ही वरची चटई सरकार छापतं. कागदावर सही झाली की हवेत जमीन तयार होते. फुकट घराचे पैसे या हवेतल्या जमिनीतून येतात.

आता हिशेब

आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. समजा चाळीचा भूखंड दहा हजार चौरस फूट. तीन एफएसआयनं तीस हजार फूट बांधता येतं. चाळीत चाळीस कुटुंबं आहेत. नियमानं प्रत्येकाला निदान ३०० फूट, म्हणजे बारा हजार. खालच्या दुकानांना दोन हजार. उरले सोळा हजार फूट, ते बिल्डरनं बाजारात विकायचे. यालाच 'सेल'चा भाग म्हणतात.

बांधकामाला फुटाला पाच हजार धरा: तीस हजार फुटांचे पंधरा कोटी. तीन-चार वर्षं चाळीस कुटुंबांना बाहेर राहायला भाडं, मालकाचा मोबदला, महापालिकेचे शुल्क, कर्जाचं व्याज हे सगळं सात कोटी. एकूण बावीस. गिरगावात नवं घर चाळीस हजार रुपये फुटानं विकलं गेलं तर सोळा हजार फुटांचे चौसष्ट कोटी येतात. हाच भूखंड जिथं भाव बारा हजार आहे तिथं नेऊन ठेवा. आले एकोणीस कोटी वीस लाख. जवळपास तीन कोटींचा तोटा. कोण येईल?

आता मावशीला उत्तर देता येतं. तिच्या घराचे पैसे वरच्या मजल्यावर येणारा शेजारी भरतो. त्यानं दिलेल्या प्रत्येक रुपयात खालच्या भाडेकरूचं घर बसलेलं आहे. त्यामुळे तो शेजारी कोण असेल हेही आधीच ठरतं: जो फुटाला चाळीस हजार देऊ शकतो तोच.

धोकादायक इमारती आधी का होत नाहीत?

वरचं गणित लागू केलं की हे कोडं सुटतं. पुनर्विकास जिथं इमारत सर्वांत जास्त कुजली आहे तिथं आधी येत नाही. जिथं रस्ता रुंद आहे, वरून समुद्र दिसतो आणि खोल्या कमी आहेत तिथं येतो. अरुंद बोळात दाटीनं भरलेली चाळ असेल तर भाडेकरूंची घरं देता देताच चटई संपते, विकायला काही उरत नाही. मग बिल्डर येतो, पाहतो, परत जातो. टेकू मात्र राहतात.

म्हणून क्लस्टरची कल्पना निघाली: पंचवीस-तीस इमारती एकत्र घ्या, मधले बोळ पुसा, रुंद रस्ता काढा. भेंडीबाजाराचा प्रकल्प हे त्याचं मोठं उदाहरण. साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबं, आणि बिल्डरऐवजी दाऊदी बोहरा समाजाचा ट्रस्ट. बहुसंख्य रहिवासी एका समाजाचे आणि त्यांचा विश्वास असलेली संस्था पुढे, असं जुळून येणं विरळा. तरीही काम सोपं गेलं नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत सकाळी कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती याच प्रकल्पाच्या हद्दीत होती. काही कुटुंबं हललेली, काही अजून राहत होती. सगळ्यांच्या सह्या, सगळ्यांची सोय, सगळ्या परवानग्या जुळेपर्यंत इमारतीनं वाट पाहिली नाही.

बीडीडीचं गणित वेगळं आहे, तेही इथंच सांगतो, कारण लोक सतत त्याच्याशी तुलना करतात. त्या २०७ चाळी १९२० च्या दशकात सरकारनंच बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. खासगी जमीनमालकच नाही, बांधणारी म्हाडा, आणि वरळीसारखी मोक्याची मोठी जमीन. म्हणून ५०० फूट देता आले. खासगी चाळीतल्या सभेत कुणी उठून "वरळीला मिळालं मग आम्हाला का नाही" म्हणतो तेव्हा त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

घर कोटीचं झालं, मग तक्रार कसली?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो नेहमी चाळीत कधीच न राहिलेली माणसं घेतात असंही नाही. मावशीचा मुलगाच म्हणतो. पाणी चोवीस तास, संडास घरात, पावसात छताखाली बादली नाही. रात्री दोनला गॅलरीच्या टोकापर्यंत अंधारात चालत जाणाऱ्या बायकांना चाळीच्या आठवणींचं कौतुक सांगू नये.

पण घराची किंमत आणि घरात राहण्याचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चाळीत मावशीचा महिन्याचा खर्च अडुसष्ट रुपये भाडं आणि वर दोनशे-तीनशे रुपये झाडलोट, पाणी, सामायिक दिव्याचे. टॉवरमध्ये लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, सुरक्षारक्षक, जनरेटर. समजा महिना चार हजार. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. तिची पेन्शन तेवढीही नाही.

यावर उपाय म्हणून कॉर्पस असतो. बिल्डरनं सोसायटीला एकरकमी द्यायचा निधी. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर मेंटेनन्स भागवायचा. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार यायला घरटी सुमारे सात लाख लागतात. करारात घरटी लाखभर लिहिले असतील तर व्याज येतं वर्षाला सात हजार. उरलेले एक्केचाळीस हजार मावशीनं आणायचे कुठून? शिवाय लिफ्टचा खर्च दरवर्षी वाढणार, व्याजदर वाढेलच असं नाही. मालमत्ता कराचा दिलासा आहे: मुंबईत २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे. भाडेकरू सभेत ५०० चा आकडा धरून का बसतात, याचं हेही एक कारण.

मग तीन वर्षं थकबाकी साठते, चौथ्या वर्षी घर विकून माणूस बदलापूरला जातो. लोक म्हणतात, बघा, कोटी रुपये घेऊन गेला. गेला खरा. पण त्याला हाकललं कुणी नाही आणि राहूही दिलं नाही. १९६४ मध्ये लंडनमधल्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी कामगारवस्तीत पैसेवाले शिरतात आणि जुनी माणसं हळूहळू बाहेर पडतात या प्रकाराला 'जेंट्रिफिकेशन' असं नाव दिलं. आपल्याकडे त्याला नाव नाही. "पार्टी चांगली मिळाली, विकलं" एवढंच म्हणतात.

गल्लीचं काय होतं?

करारात घर असतं, दुकान असतं. गल्ली नसते. ज्यांचं नाव भाडेपावतीवर नाही, म्हणजे पोटभाडेकरू, जिन्याखालचा इस्त्रीवाला, ओट्यावर भाजी घेऊन बसणारी, त्यांचा हिशेबात पत्ताच नाही. इस्त्रीवाल्याला टॉवरच्या गेटवर नाव लिहून आत जावं लागतं, आणि जिना तर आता आगीच्या वेळचा.

गिरणगावात हे एकदा होऊन गेलं आहे. पाळीवरच्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, इतका तो धंदा मोठा होता. गिरण्या बंद पडल्यावर जेवणारेच गेले. जमिनीचं पुढं काय झालं ते तर सर्वश्रुत आहे. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला: वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त तिच्यावरच्या मोकळ्या भागाची. गिरणीच्या आवारात शेड किती आणि मोकळं किती ते आठवा, म्हणजे शहराच्या हाती काय राहिलं ते कळेल. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केला. एका शब्दाच्या अर्थावर सहाशे एकरांचं नशीब फिरलं. आज त्याच लोअर परळला काही घरविके 'अप्पर वरळी' म्हणतात. परळ म्हणायची लाज वाटत असावी.

माणसं आणि गाड्या हाही मुद्दा आहे. वरच्या उदाहरणात विकायची घरं हजार फुटांची धरली तर चाळीस कुटुंबांची छप्पन झाली, आणि नव्या सोळांकडे प्रत्येकी दोन गाड्या म्हणजे बत्तीस. रस्ता तोच, ज्यात गॅसचा टेम्पो अडला की मागे शंकरशेट रोडपर्यंत भोंगे वाजतात. एकेक इमारत सुटी वाढवली की गटारं, पाणी, रस्ता कुणाच्याच खात्यात पडत नाही. क्लस्टरच्या बाजूनं मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच.

हे पहिल्यांदाच होतंय का?

नाही. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारनं १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. नागपाडा, मग प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड: दाट वस्त्या पाडून वारा खेळेल असे रस्ते काढले. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्यांचीच. पण पाडलेल्या खोल्यांतली गरीब माणसं नव्या इमारतीत फारशी आली नाहीत. भाडं झेपेना, म्हणून ती शेजारच्या गल्लीत अधिक दाटीनं शिरली. रोग ज्या दाटीनं पसरला ती दाटी एक गल्ली पुढे सरकली. ट्रस्टनं मग गरिबांसाठी चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर वर्षानुवर्षं राहिले.

मग पडेपर्यंत तशीच ठेवायची?

असं म्हणणाऱ्यानं एक पावसाळा टेकूच्या खाली झोपून बघावा. पुनर्विकास हवाच. प्रश्न करारातल्या रकान्यांचा आहे. आज संमतीला एक्कावन्न टक्के पुरतात, पूर्वी सत्तर लागत. प्रकल्प लवकर सुरू व्हावेत म्हणून हा बदल झाला. पण राहिलेल्या एकोणपन्नासांत बहुधा म्हातारी माणसं आणि प्रश्न विचारणारी माणसं असतात.

अडकलेल्या प्रकल्पांची धास्ती खोटी नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगर पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरासाठी दशकाहून जास्त काळ वाट पाहिली. म्हाडाची संक्रमण शिबिरं, म्हणजे नवं घर मिळेपर्यंत राहायच्या तात्पुरत्या इमारती, ज्या सायनच्या वसाहतीत आहेत तिचं नाव प्रतीक्षानगर आहे, आणि हे नाव कुणी विनोदानं ठेवलेलं नाही. म्हणून भाडं किती महिन्यांचं आगाऊ जमा होणार, बँक हमी आहे का, काम थांबलं तर बिल्डर बदलायचा अधिकार कुणाला, हे घराच्या फुटांआधी विचारावं. आणि कॉर्पसचा आकडा लिहून घ्यावा, वरचा भागाकार करून.

मावशीच्या चाळीत दिवाळीनंतर सभा झाली. बिल्डरच्या माणसानं लॅपटॉपवर टॉवर फिरवून दाखवला, खाली पोडियमवर बाग, व्यायामशाळा. लोकांनी फूट विचारले, पार्किंग विचारलं, गणपती कुठं बसवायचा ते विचारलं. त्यावर वीस मिनिटं गेली. मावशीनं हात वर केला. "लिफ्टचं बिल कोण भरणार?" त्या माणसानं हसून सांगितलं, "आजी, ते नंतर बघू." सभेचं इतिवृत्त परवा तिनं मला वाचायला दिलं. दोन पानं, सात ठराव, खाली सह्या. तिचा प्रश्न त्यात नाही. तिची सहीही नाही.